पांढरा तुमचा मित्र आहे का?



संयोजकांनी मला विषय दिला होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याच्या नोकऱ्या'. सॉफ्टवेअरमधली म्हणून. मी म्हटलं, हा विषय तुमच्या मुलांनी तुम्हाला घरी रोज ऐकवला असेल, मी एका खेळाबद्दल बोलते. खेळ कोणता? गो. आणि गोमधलं नेमकं काय? जगण्या-मरण्याचे प्रश्न. यावर समितीतला आपलाच एक मित्र फोनवर थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अगं, जेवणाच्या आधीचं भाषण आहे तुझं." तेव्हा आधीच सांगते, यात कोणी माणूस मरत नाही. खडे मरतात.

२००७ साली कंपनीने मला जपानला पाठवलं. कावासाकी नावाचं शहर आहे, टोकियोला लागूनच. पुण्यात जपानीच्या दोन पातळ्या केलेल्या होत्या, त्यामुळे कामापुरतं बोलता यायचं, पण रविवार जाता जात नसे. घराजवळ वॉर्डाचं समाजमंदिरासारखं एक सभागृह होतं. तिथे रविवारी सकाळी दहा-बारा म्हातारे जमायचे आणि लाकडी पटांवर काळे-पांढरे खडे मांडत बसायचे. आवाज फक्त खडा टेकल्याचा, टक्. मी दोन रविवार दारातून बघितलं. तिसऱ्या रविवारी त्यातले एक आजोबा, रेल्वेतून निवृत्त झालेले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, उठून आले आणि म्हणाले, बसा.

खेळ समजायला पाच मिनिटं लागतात, म्हणून पाच मिनिटं द्या. पटावर एकोणीस आडव्या, एकोणीस उभ्या रेषा. खडा घरात ठेवायचा नाही, रेषांच्या छेदनबिंदूवर ठेवायचा, आपल्या नवकंकरीसारखा. असे ३६१ बिंदू. एकदा ठेवलेला खडा हलत नाही. खड्याच्या शेजारचे रेषेवरचे रिकामे बिंदू म्हणजे त्याचा श्वास. चिनी भाषेत त्याला 'ची' म्हणतात, त्याचा अर्थच श्वास, हवा. प्रतिस्पर्ध्याने सगळे श्वास बंद केले की खडा उचलला जातो. शेजारी-शेजारी जोडलेले खडे एकत्र श्वास घेतात, म्हणजे जगले तर सगळे, मेले तर सगळे. शेवटी ज्याने जास्त जागा वेढली तो जिंकला.

आता यातून एक गोष्ट आपोआप निघते, जी नियमात कुठेच लिहिलेली नाही. समजा तुमच्या खड्यांना शत्रूने बाहेरून पूर्ण वेढलंय, पण तुमच्या पोटात दोन वेगवेगळी रिकामी घरं आहेत. त्यांना डोळे म्हणतात. शत्रूला तुम्हाला मारायचं तर दोन्ही डोळे बुजवावे लागतील. पण एका वेळी एकच खडा ठेवता येतो, आणि पहिल्या डोळ्यात ठेवलेल्या खड्याला स्वतःलाच श्वास नाही, म्हणून ती खेळीच करता येत नाही. म्हणजे दोन डोळे असलेला गट कधीच मरत नाही. एकच डोळा असलेला मात्र मेलेला असतो, आज उचलला नाही तरी.

तर प्रश्न असा असतो: हा गट दोन डोळे करू शकेल का? किंवा उलट, याला दोन डोळे करण्यापासून अडवता येईल का? पटाचा एक कोपरा छापलेला असतो, खाली एक ओळ: काळ्याची खेळी. बस. या कोड्यांना जपानीत 'त्सुमेगो' म्हणतात.

एक इथेच करू. पोटात तीन रिकाम्या जागा, एका ओळीत. तुमची खेळी असेल तर मधल्या जागेवर खडा ठेवा, दोन बाजूंना दोन डोळे, जगलात. शत्रूची खेळी असेल तर तोही मधेच ठेवणार, आणि तुम्ही मेलात. दोघांचा जीव एकाच बिंदूवर. आता चार जागा एका ओळीत असतील तर? शत्रू मधल्या दोनपैकी एकीवर बसला, तुम्ही दुसरीवर बसा, डोळे दोन. निवांत जगता. आणि त्याच चार जागा चौकोनात असतील, दोन वर दोन खाली? मेलात. तुमची खेळी असली तरी मेलात, कारण तुम्ही एक जागा भरली की उरतात वाकड्या तीन, आणि शत्रू त्यांच्या कोपऱ्यात बसतो. जागा तेवढीच आहे, चारच. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला राहवेना, घरी येऊन वहीच्या पानावर पुन्हा मांडून बघितलं. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत एवढा आनंद मला कुठल्या सूत्राने दिला नव्हता.

आजोबांनी पहिल्याच दिवशी मला सहा प्रश्नांचा कागद दिला. मी पाच मिनिटांत सहाही सोडवले. तुम्हाला माहीतच आहे मी कशी होते, हात आधी वर. पटावर खडे मांडून दाखवायला लागले: काळा इथे, मग पांढरा इथे, मग काळा इथे, झाले दोन डोळे. आजोबांनी एक पांढरा खडा उचलून दुसरीकडेच ठेवला. आणि पांढरा इथे खेळला तर?

मी म्हटलं, पांढरा तिथे कशाला खेळेल?

ते हसले. म्हणाले, पांढरा तुमचा मित्र आहे का?

सहाच्या सहा चुकले होते. जपानीत याला एक शब्द आहे, 'कात्तेयोमी'. योमी म्हणजे वाचणं. गोमध्ये पुढच्या खेळ्या मनात बघण्याला वाचणंच म्हणतात. आणि कात्ते म्हणजे मनमानी, आपल्या सोयीचं. आपण एक खेळी करायची, आणि समोरच्याने आपल्याला हवं तेच उत्तर द्यायचं असं धरून चालायचं. आजोबांनी मला पटावरचे खडे उचलून ठेवायला लावले आणि सांगितलं की त्सुमेगो हात मांडीवर ठेवून करायचे. खडे लावायचे नाहीत. डोक्यात शेवटपर्यंत दिसलं, आणि पांढऱ्याचं सगळ्यात वाईट उत्तर, म्हणजे आपल्यासाठी वाईट, त्यालाही आपल्याकडे उत्तर आहे असं दिसलं, तरच पहिला खडा हातात घ्यायचा.

सर, तुम्ही इथे पहिल्या रांगेत बसलेले आहात. मला त्या क्षणी कोणाची आठवण आली असेल ते या सभागृहात प्रत्येकाला कळलं असेल. "कंपास खाली ठेव. आधी आकृतीकडे बघ." दहावी 'अ' आणि 'ब', दोन्ही तुकड्यांनी हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल! पक्ष, साध्य, सिद्धता. आणि प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण. कारण नसेल तर सर पायरीवर लाल शाईने फक्त एक प्रश्नचिन्ह काढायचे. त्या प्रश्नचिन्हाचा मला राग यायचा. पण त्याबद्दल नंतर.

दोन वर्षं मी दर रविवारी तिथे गेले. खेळात फार पुढे गेले नाही, हे कबूल करते. पण त्सुमेगोची सवय लागली ती आजतागायत आहे, रोज सकाळी चहाबरोबर दोन. काही गोष्टी तोंडपाठ झाल्या, पाढ्यांसारख्या. पटाच्या कडेपासून दुसऱ्या रेषेवर, कोपऱ्यापासून लांब, सलग सहा खडे वेढले गेले तर मेले, आठ असतील तर जगले, आणि सात असतील तर ज्याची खेळी त्याचं राज्य. शत्रूला जिथे खेळावंसं वाटेल तिथे आपण आधी खेळावं. आणि काही प्रश्न असे की आपलेच चार खडे शत्रूला खाऊ द्यायचे, आणि त्याने ते उचलून घेतल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत परत बसून त्याला मारायचं. जपानीत याचं नाव आहे 'खड्यांच्या खाली'. हे पहिल्यांदा सुटलं तेव्हा मी रात्री साडेअकराला एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या.

या कोड्यांची परंपरा मोठी आहे. चौदाव्या शतकात चीनमध्ये त्यांचा एक मोठा संग्रह झाला, तो आजही सोडवला जातो. जपानमध्ये एदो काळात गोची चार घराणी होती, अगदी आपल्या गाण्यातल्या घराण्यांसारखी, शिष्य घरातच राहायचे. त्यातल्या इनोऊए घराण्याच्या प्रमुखाने १७१३ साली 'इगो हात्सुयोरोन' नावाचा संग्रह केला. तो बाहेर कोणाला दाखवायचा नाही, फक्त घराण्यातल्या शिष्यांच्या तालमीसाठी. त्यातला १२०वा प्रश्न जगातला सगळ्यात अवघड म्हणून ओळखला जातो. तीनशे वर्षांनंतरही त्यावर खल चालू आहे, आता तर संगणक घेऊन. विसाव्या शतकात माएदा नोबुआकी नावाचे खेळाडू होते, त्यांना लोक त्सुमेगोचा देवच म्हणायचे. देव असा की ज्याची कोडी दिसायला अगदी साधी, चार-पाच खड्यांची, आणि आत हात घातला की बाहेर निघत नाही.

मी भारतात परत आल्यावर, अर्थातच, त्सुमेगो सोडवणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. आमच्या जातीच्या लोकांचं हे असंच असतं, एखादी गोष्ट आवडली की तिच्यावर प्रोग्रॅम. तत्त्व सोपं आहे. माझी प्रत्येक शक्य खेळी, त्यावर त्याची प्रत्येक शक्य खेळी, असं झाड वाढवत जायचं. पण झाड भलतं वाढतं. पूर्ण पटावर किती कायदेशीर स्थिती शक्य आहेत ते जॉन ट्रॉम्प यांनी २०१६मध्ये नेमकं मोजून काढलं, ती १७१ अंकी संख्या आहे. कोपऱ्यातल्या दहा-बारा जागांपुरतं मात्र जमण्यासारखं असतं. माझा प्रोग्रॅम चार महिने आत्मविश्वासाने चुकीची उत्तरं देत होता.

एक चूक मजेची होती. गोमध्ये अशी एक स्थिती येते की दोघांचेही गट एकमेकांत अडकलेत, आणि जो आधी हात घालेल तो मरेल. दोघेही स्वस्थ बसले तर दोघेही जिवंत. तिला 'सेकी' म्हणतात. मी प्रोग्रॅमला 'पास' म्हणण्याची मुभा द्यायला विसरले होते. त्यामुळे तो प्रत्येक सेकीत इमानेइतबारे आत्महत्या करायचा. लग्नाला तेव्हा एक वर्ष झालं होतं, नवऱ्याला हे समजावून सांगितलं तर तो म्हणाला, तुझ्या प्रोग्रॅमचा प्रॉब्लेम मला ओळखीचा वाटतोय.

दुसरी चूक सापडायला मात्र फार वेळ लागला. वेग यावा म्हणून मी एकदा तपासलेली स्थिती उत्तरासकट साठवून ठेवत होते. तीच स्थिती परत आली की परत विचार करायचा नाही, साठवलेलं उत्तर द्यायचं. पण गोमध्ये 'को' नावाचा प्रकार असतो. एक खडा तू खा, मग मी तुझा खाते, मग तू माझा, हे अखंड चालू नये म्हणून नियम आहे की लगेच परत खाता येत नाही, मधे दुसरीकडे एक खेळी करावी लागते. म्हणजे पटाचं चित्र तेच असलं तरी आत्ता काय शक्य आहे हे तिथे कसे पोचलो यावर ठरतं. माझा प्रोग्रॅम फक्त चित्र बघायचा. कसे आलो ते विसरायचा.

आता त्या दिलेल्या विषयाचं थोडं, नाहीतर संयोजक रागावतील. मार्च २०१६मध्ये सोलमध्ये अल्फागोने ली सेडोल यांना ४-१ असं हरवलं, हे तुम्ही वाचलं असेल. त्या दिवसांत माझ्या ऑफिसात गो म्हणजे काय हे माहीत नसलेले लोकही माझ्याकडे सांत्वनाला आले. पण मला जास्त आवडते ती २०२३ची गोष्ट. केलिन पेलरिन नावाच्या अमेरिकन हौशी खेळाडूने काटागो या प्रोग्रॅमला, जो व्यावसायिकांनाही सहज हरवतो, १५ पैकी १४ डावांत हरवलं. युक्ती संशोधकांनी संगणक वापरूनच शोधलेली होती, पण डाव तो स्वतः खेळला. यंत्राला खडे वेढू द्यायचे, आणि ते वेढण्यात गुंतलं की त्या गोल वेढ्यालाच बाहेरून सावकाश वेढत जायचं. यंत्राला आपला गोल गट मरतोय हे कळतच नाही. शेवटच्या दोन-तीन खेळ्यांपर्यंत त्याला वाटत असतं की आपण जिंकतोय. नवशिक्या मुलालाही दिसेल असं मरण. नोकऱ्यांचं काय होईल ते मला माहीत नाही, पण ही गोष्ट वाचून मी यंत्राला हसले नाही, एवढं सांगते.

कारण २०१८. तेव्हा मी एका कंपनीत पैशांच्या व्यवहारांची जुनी प्रणाली नव्यावर नेण्याच्या कामाची प्रमुख होते. एका रात्रीत बदल करायचा होता. योजना माझी. आधीच्या आठवड्यात आमच्यातली सगळ्यात धाकटी मुलगी, चोवीस वर्षांची, म्हणाली, "मॅडम, जुन्या मशीनने तीच नोंद दोनदा पाठवली तर?" मी म्हटलं, ते दोनदा कशाला पाठवेल?

हो. तेच वाक्य. अकरा वर्षं रोज सकाळी चहाबरोबर दोन त्सुमेगो करूनही तेच वाक्य.

त्याने दोनदा पाठवली. काही हजार लोकांच्या खात्यातून रक्कम दोनदा गेली. निस्तरायला दोन दिवस लागले आणि पैसे सगळ्यांचे परत गेले, पण महिनाअखेर होती, कोणाचा हप्ता चुकला, कोणाचं घरभाडं. मग नेहमीची बैठक झाली, चूक कुठे झाली हे शोधायची. दुबार नोंद तपासायचा भाग कोणाकडे होता असं वरच्यांनी विचारलं. कागदोपत्री तो त्या मुलीकडे होता. मला फक्त "कागदपत्रांत आहे" एवढं म्हणायचं होतं. ते खोटंही झालं नसतं.

आणि मला १९९५ आठवलं. आता ज्याबद्दल नंतर सांगते म्हटलं होतं, ते.

नववीत तालुक्याच्या गणित स्पर्धेला शाळेने आम्हा दोघींची जोडी पाठवली होती. माझी बाकावरची शेजारीण. ती आज इथे आहे. शेवटचा प्रश्न भूमितीचा रायडर होता, त्रिकोण आणि त्याचा शिरोलंब. मी झरझर लिहीत सुटले. शिरोलंबाचा पाया पायाच्या रेषेवर डी, म्हणून बीडी अधिक डीसी बरोबर बीसी. तिने माझा हात धरला. म्हणाली, "अगं, त्रिकोण विशालकोन असला तर? लंब बाहेर पडेल ना." मी म्हटलं, आकृतीत कुठे बाहेर पडलाय? आकृती मीच काढलेली होती. वेळ संपत आला होता, मी तिचा हात झटकून उत्तर पूर्ण केलं. त्या प्रश्नाला आम्हाला शून्य मिळालं आणि नंबर गेला.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गाबाहेर बोलावून विचारलं, तो रायडर कोणी सोडवला? मी तिचं नाव सांगितलं. ती माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. सर, तुम्ही तिला रागावला नाहीत, फक्त म्हणालात, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." दहावीत जोडीत तिच्या जागी दुसरा मुलगा आला. आपल्या तुकडीत सगळ्यांना वाटत राहिलं की गणितात ती ऐनवेळी गडबडते. तिलाही कधीकधी तसं वाटायचं, हे तिने मला काल सांगितलं. अकरावीला तिने गणित घेतलं नाही. त्याची बाकीही कारणं होती असं ती म्हणते. असतील. पण एक मी होते.

२०१८च्या त्या बैठकीत मी सांगितलं की तिने मला आधी विचारलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. त्या वर्षी होणारी माझी बढती झाली नाही, पुढच्याही वर्षी नाही, मग मी ती कंपनी सोडली. यात फार मोठेपणा नाही. तेवीस वर्षं उशिरा आणि भलत्याच मुलीच्या बाबतीत मी ते केलं होतं. खऱ्या मुलीला फोन करायला आणखी बरीच वर्षं लागली, आणि तोही स्नेहसंमेलनाचा ग्रुप झाला म्हणून.

काल संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तिला सगळं आठवत होतं, माझ्यापेक्षा जास्त. पेनाचा रंगसुद्धा. मी माफी मागितली. ती म्हणाली, "माझी कशाला मागतेस, मला माहीतच होतं कोणी सोडवला ते. सरांना सांग. आणि सगळ्यांसमोर सांग, कारण सगळ्यांसमोरच ते झालं होतं."

सर, तो रायडर मी सोडवला होता. विशालकोन तिला दिसला होता. मला दिसला नव्हता, आणि तिने दाखवल्यावर मी बघितला नाही.

मग तिने चहा केला, आणि विचारलं की तू रोज सकाळी करतेस ते काय असतं बघू. मी पेन्सिलने एक कोपरा काढून दिला. नियम सांगायला पाच मिनिटं लागली. ती हात मांडीवर ठेवून बघत बसली, मी न सांगता. वीस मिनिटं. मी तिच्या मुलाशी गप्पा मारत होते. मग तिने काळ्याची पहिली खेळी बरोबर सांगितली. मी उत्तर पुढे सांगायला लागले, तेवढ्यात ती म्हणाली, "थांब. पांढरा इथे आला तर?"

ते उत्तर माझ्या पुस्तकात नाही. रात्री दोनपर्यंत मी बसले होते. आत्ता तुमच्या खुर्च्यांवर जो कागद ठेवलाय तो तोच प्रश्न आहे. काळ्याची खेळी. कोणाला सुटला तर माझ्याकडे येऊ नका, ती तिसऱ्या रांगेत उजवीकडून दुसरी बसली आहे, तिला दाखवा.